घरचा कॉम्प्युटर अतिशय स्लो, डिस्क सतत १०० टक्के - काय करावं?

माणदेशी
नमस्कार मंडळी, गावाकडच्या घरी आमच्या बाबांचा डेस्कटॉप आहे, २०१७ मध्ये असेंबल करून घेतलेला, आय-३ सातवी पिढी, ४ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. बाबा निवृत्त शिक्षक आहेत आणि देवस्थानचा हिशेब टॅलीत ठेवतात, शिवाय गावच्या जुन्या कीर्तनकारांच्या वह्या श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) टाईप करून ठेवायचं काम कित्येक वर्षं चालू आहे. हे सगळं त्या एकाच मशीनवर आहे.

गेल्या दिवाळीपासून मशीन एवढं हळू झालंय की सुरू केल्यावर डेस्कटॉप दिसेपर्यंत बाबा देवपूजा आटोपून येतात, मग वर्डची एक फाईल उघडायला चार-पाच मिनिटं. टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू ८-१० टक्के, आणि डिस्कच्या रकान्यात लालभडक १००, ते खाली येतच नाही. तालुक्याच्या दुकानदाराने बघून सांगितलं की फॉरमॅट मारू, नाहीतर आता नवीनच घ्या. बाबा फॉरमॅट म्हटलं की घाबरतात आणि त्यांचं बरोबर आहे. मी पुण्याहून शनिवार-रविवार जाते, तेव्हा नेमकं काय करावं ते समजावून सांगाल का? थोडंफार कळतं मला, पायऱ्या सांगितल्या तर करू शकेन.

नाखवा
ताई, हे विंडोज १० मध्ये फार जणांना होतं. सर्व्हिसेस मध्ये जाऊन सिसमेन (नेहमीचे प्रोग्रॅम आधीच मेमरीत आणून ठेवणारी विंडोजची सेवा) बंद करा, विंडोज सर्च बंद करा, टेम्प फोल्डर रिकामा करा, स्टार्टअप मधले फालतू प्रोग्रॅम डिसेबल करा, डीफ्रॅग मारा (म्हणजे फाईलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लागतील) आणि शेवटी चेकडिस्क स्लॅश आर ही डिस्क तपासायची कमांड देऊन रात्रभर सोडा. माझ्या ऑफिसातल्या दोन मशीन अशाच सुधारल्या.

चिंचगूळ
दोन अँटिव्हायरस आहेत का ते बघा. बरेचदा मशीनबरोबर आलेला एक असतो आणि नंतर कोणीतरी दुसरा टाकून देतं, मग प्रत्येक फाईल दोघंही तपासत बसतात.

लोलक
माणदेशी ताई, एक विनंती, वरचं काहीही करायच्या आधी थोडं थांबा. विशेषतः डीफ्रॅग आणि चेकडिस्क स्लॅश आर आत्ता अजिबात नको. कारण सांगतो.

टास्क मॅनेजरमध्ये डिस्कसमोर जे १०० टक्के दिसतं ते म्हणजे डिस्क भरली असं नाही, आणि डिस्क पूर्ण वेगाने डेटा देतेय असंही नाही. तो आकडा फक्त एवढंच सांगतो की गेल्या क्षणभरात डिस्ककडे सतत काही ना काही काम शिल्लक होतं. रेशन दुकानात खिडकीवर माणूस एकच असेल आणि प्रत्येक गिऱ्हाईकाला तो मागच्या गोदामात जाऊन धान्य मोजून आणत असेल, तर तो दिवसभर कामात असतो पण रांग काही हलत नाही, तसं आहे हे. म्हणून १०० चा आकडा एकटा काही सांगत नाही, त्याच्या शेजारचे दोन आकडे लागतात.

साध्या हार्ड डिस्कचं गणित बघा. ७२०० आरपीएमच्या डिस्कची तबकडी एक फेरा साधारण ८.३ मिलिसेकंदात पूर्ण करते, म्हणजे हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद, त्याआधी हेड त्या ट्रॅकवर सरकायला आणखी ८-९. एका विखुरलेल्या वाचनाला झाले १२-१३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला फार तर ७५-८० वाचनं. विंडोज सुरू होताना बारीक बारीक तुकडेच वाचत असतं, ४ केबीचा एक तुकडा धरला तर सेकंदाला अर्धा एमबी पण निघत नाही. त्यामुळे निरोगी डिस्कसुद्धा सुरुवातीची काही मिनिटं १०० टक्के दाखवते आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण तासन्‌तास तसंच राहिलं तर कारण शोधायला पाहिजे, आणि माझ्या अनुभवात कारणं तीन जातीची असतात: कोणीतरी खरोखर खूप वाचतंय-लिहितंय, किंवा रॅम पुरत नाही म्हणून विंडोज डिस्कवर पेजिंग करतंय (रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवतंय), किंवा डिस्कच आजारी आहे. तिन्हीत वरून दिसणारं चित्र सेम असतं, उपाय मात्र पूर्ण वेगळे.

म्हणून शनिवारी फक्त एवढं बघून सांगा. मशीन सुरू करून अर्धा तास तसंच सोडा. मग टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स टॅब, डिस्क शून्य. तिथे अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम किती मिलिसेकंद, रीड स्पीड आणि राइट स्पीड किती, आणि मेमरी किती टक्के. त्यानंतर खालच्या रिसोर्स मॉनिटरच्या लिंकवर जाऊन डिस्क टॅबमध्ये टोटलच्या कॉलमवर क्लिक करा, म्हणजे सगळ्यात जास्त वाचणारे वर येतील, त्यांची नावं लिहून घ्या. आणि कॅबिनेटला कान लावून आवाज ऐका.

तंबोरा
लोलक, खूप छान समजावलंत. वाचनखूण साठवली.

नाखवा
चेकडिस्क नको का म्हणता? बॅड सेक्टर असतील तर तीच तर दुरुस्त करते ना.

गवतीचहा
नाखवा दादा, मी हार्डवेअर रिपेअरमध्ये आहे, लोलक म्हणतात त्याला अनुमोदन. चेकडिस्क स्लॅश आर ही अख्खी डिस्क, रिकामी जागासुद्धा, शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचते. डिस्क चांगली असेल तर काही बिघडत नाही, नुसता वेळ जातो. पण डिस्क मरायला टेकलेली असेल तर तिच्याकडून एवढी मेहनत करून घेणं म्हणजे तिचे उरलेले तास संपवणं, तेही आपला डेटा अजून त्याच्यातच असताना. आणि ती दुरुस्त करते फाईल सिस्टिम, तबकडी नाही. वाचता न आलेला सेक्टर ती वापरातून बाजूला काढते, पण त्यातला फाईलचा तुकडा गेला तो गेला. माझ्या टेबलावर अशा कितीतरी डिस्का आल्यात ज्या आदल्या दिवशी हळूहळू का होईना चालत होत्या आणि रात्रभर चेकडिस्क लावल्यावर सकाळी बायोसलाच (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) दिसेनात. आधी बॅकअप, मग तपासणी, मग दुरुस्ती, हा क्रम कोणासाठीही मोडू नका.

नाखवा
पटलं. ऑफिसच्या मशीनचा डेटा सर्व्हरवर असल्यामुळे तो विचार डोक्यात आला नव्हता.

माणदेशी
गावी आले आहे. आकडे घेतले:
अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम एकदा ९०० मिलिसेकंद दिसतो, मग १८००, मध्येच ४२०० पर्यंत गेला. रीड स्पीड मात्र १.१ एमबी, कधी कधी ० केबी आणि तरी १०० टक्के. मेमरी ८२ टक्के. रिसोर्स मॉनिटरमध्ये सिस्टम आणि एक-दोन एसव्हीसीहोस्ट हे विंडोजचेच प्रोग्रॅम वर आहेत पण त्यांचेही आकडे अगदी किरकोळ. डिस्कमधून थोड्या थोड्या वेळाने टक-टक असा आवाज येतो, मग क्षणभर सगळं थांबतं, माऊस हलतो पण क्लिक होत नाही. बाबा म्हणाले हा आवाज पावसाळ्यापासून आहे, त्यांना वाटलं पंखा असेल.

लोलक
ताई, ० केबी आणि १०० टक्के एकत्र, वर रिस्पॉन्स टाइम चार सेकंद. हे सिसमेन किंवा अँटिव्हायरसचं लक्षण नाही. एखादा प्रोग्रॅम डिस्क खात असता तर वेग तरी दिसला असता. इथे डिस्क एकच जागा परत परत वाचायचा प्रयत्न करतेय, जमत नाहीये, आणि बाकी सगळी कामं तिच्यामागे रांगेत उभी आहेत. टक-टक आवाज त्याच पठडीतला. मशीन आत्ता शांतपणे शटडाऊन करा. कुठलाही अपडेट, स्कॅन चालू करू नका. जवळ एक्स्टर्नल डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह आहे का?

माणदेशी
बंद केलं. ५०० जीबीची एक्स्टर्नल आहे, माझ्या फोटोंची, त्यात ३०० च्या वर जागा आहे. बाबांचा चेहरा उतरलाय. सगळं वाचेल ना?

गवतीचहा
ताई, डिस्क अजून विंडोज सुरू करतेय म्हणजे बहुतेक सगळं मिळेल, बाबांना धीर द्या. आता मशीन चालू कराल तेव्हा थेट कॉपीच सुरू करायची. पूर्ण सी ड्राइव्ह ओढून टाकायचा मोह नको, त्यात विंडोजच्या हजारो फाईली येतात ज्या परत कुठेही मिळतात आणि त्यांच्यातच एखादा खराब सेक्टर लागून डिस्क अडकून बसते. जे जगात दुसरीकडे कुठेच नाही ते पहिलं: वह्यांच्या श्रीलिपीच्या फाईली. मग टॅलीचा डेटा, तो कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते टॅली स्वतःच दाखवतं. मग फोटो. गाणी-सिनेमे सगळ्यात शेवटी.

साध्या कॉपी-पेस्टमध्ये एक फाईल अडली की सगळं अडतं, म्हणून रोबोकॉपी ही कॉपीची कमांड वापरा, ती विंडोजमध्ये असतेच. पण तिला स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १ हे दोन स्विच द्यायला विसरू नका. न दिल्यास वाचता न आलेल्या एकेका फाईलसाठी ती दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून, मूळ सेटिंगच तसं आहे. सबफोल्डरसाठी स्लॅश ई, आणि स्लॅश लॉग देऊन लॉग फाईल बनवा म्हणजे कुठल्या फाईली राहिल्या ते नंतर कळेल. डिस्क फार गरम झाली तर मध्ये बंद करून थंड होऊ द्या.

तंबोरा
फॉन्ट पण घ्या! श्रीलिपीच्या फाईली त्या फॉन्टशिवाय उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले श्री-देव वगैरे नावाचे सगळे कॉपी करून ठेवा. आमच्या मंडळाच्या जुन्या अंकांच्या फाईली आहेत पण तो फॉन्ट कुणाकडेच नाही, मजकूर डोळ्यासमोर असून वाचता येत नाही.

माणदेशी
झालं! रात्री उशिरापर्यंत चाललं. वह्यांचं फोल्डर पूर्ण आलं, टॅली आलं, फॉन्ट आले. लॉगमध्ये एकूण सात फाईली फेल आहेत, त्यातल्या सहा गाणी आणि एक लग्नाचा व्हिडिओ. बाबांनी वहीची एक एक फाईल माझ्या लॅपटॉपवर फॉन्ट टाकून उघडून बघितली, सगळ्या उघडल्या. गवतीचहा, तंबोरा, लोलक, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

आता तपासणी कशी करायची?

लोलक
वा, हे ऐकून फार बरं वाटलं. आता क्रिस्टल डिस्क इन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर घ्या, इन्स्टॉलरवाला नाही, पोर्टेबल झिप घ्या. उघडल्यावर डाव्या बाजूला गुड, कॉशन किंवा बॅड दिसेल. मग खालच्या यादीतल्या ०५, सी५, सी६ आणि सी७ या ओळींच्या रॉ व्हॅल्यू सांगा.

माणदेशी
पिवळं कॉशन आहे. ०५ समोर भरपूर शून्यं आणि शेवटी ५८. सी५ ला शेवटी १ए८. सी६ ला पण १ए८. सी७ शून्य.

लोलक
हे आकडे हेक्समध्ये (१६ च्या पटीतल्या अंकपद्धतीत) आहेत. फंक्शन मेन्यूत अ‍ॅडव्हान्स्ड फीचरमध्ये रॉ व्हॅल्यू दशमान करता येतात. ५८ म्हणजे ८८ आणि १ए८ म्हणजे ४२४.

०५ म्हणजे रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर, ८८ सेक्टर डिस्कने आधीच खराब ठरवून त्यांच्या जागी राखीव सेक्टर दिलेत. सी५ म्हणजे पेंडिंग, ४२४ सेक्टर असे की ते वाचता येत नाहीयेत पण अजून निकाल लागलेला नाही. तुमचं मशीन थांबतं ते इथेच. सी६ तेच वेगळ्या मार्गाने सांगतं. सी७ महत्त्वाचा यासाठी की तो वाढलेला असता तर डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलवर संशय गेला असता, केबल बदलून भागलं असतं. शून्य आहे म्हणजे केबल ठीक, दोष तबकडीतच. डिस्क बदला. फॉरमॅट मारून हेच सगळं काही आठवड्यांत परत आलं असतं, आणि बॅकअप न घेता मारला असता तर वह्याही गेल्या असत्या. नवीन मशीनची मात्र काही गरज नाही.

उंबरठा
लोलक, धागा वाचून मी न्यू जर्सीहून रिमोटने नाशिकला आईचा लॅपटॉप बघितला. तिथेही १०० टक्के पण रिस्पॉन्स टाइम ३०-४० मिलिसेकंद, वेग १५-२० एमबी, मेमरी ९४ टक्के, स्मार्ट (डिस्कच्या तब्येतीची नोंद) सगळं गुड. म्हणजे आमचं रॅमचं प्रकरण ना?

लोलक
तसंच दिसतंय. रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी टॅबमध्ये हार्ड फॉल्ट्स पर सेकंद बघा, ब्राउझर उघडल्यावर ते सतत शेकड्यांत राहत असतील तर रॅम पुरत नाहीये आणि विंडोज पेजफाईलमधून ओढतंय. ४ चे ८ जीबी करा. लॅपटॉप जुना असेल तर घेण्याआधी रॅम डीडीआर३ आहे, कमी व्होल्टेजची डीडीआर३एल आहे का डीडीआर४, हे खात्री करून घ्या, डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही. डीडीआर३ आणि ३एल मात्र दिसायला सारख्याच असतात, तिथे नीट बघा.

चिंचगूळ
माझं तिसरंच. एसएसडी (तबकडीऐवजी चिपवाली डिस्क) आहे, तरी १०० टक्के आणि वेग ०. स्मार्ट गुड.

गवतीचहा
चिंचगूळ, डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई एटीए कंट्रोलरखाली एएचसीआय कंट्रोलरच्या (साटा डिस्कशी बोलणारा भाग) ड्रायव्हर डिटेल्समध्ये स्टोरएएचसीआय डॉट सिस दिसतंय का? काही एएचसीआय डिव्हाइसच्या फर्मवेअरमध्ये दोष असतो, मेसेज सिग्नल्ड इंटरप्ट (डिव्हाइसने प्रोसेसरला खूण करायची एक पद्धत) चालू असले की ते नीट उत्तर देत नाहीत आणि डिस्क लटकते. मायक्रोसॉफ्टनेच यावर उपाय दिला होता: रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) त्या कंट्रोलरच्या नोंदीत एमएसआय-सपोर्टेड ची किंमत १ ची ० करायची आणि रीस्टार्ट. पण आधी एसएसडीचं आणि बायोसचं अपडेट आहे का बघा, आणि रजिस्ट्रीला हात लावण्याआधी ती एक्स्पोर्ट करून ठेवा. बॅकअप तर घ्याच.

चिंचगूळ
तोच ड्रायव्हर होता. ० केलं, आता शांत आहे, संध्याकाळपासून एकदाही अडकलं नाही. खूप आभार!

माणदेशी
माझा पुढचा प्रश्न. एसएसडी घ्यायची ठरलं. क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करू का नव्याने विंडोज टाकू? श्रीलिपीची जुनी डोंगलवाली (मशीनला लायसन्सची चावी लावावी लागते ती) आवृत्ती आहे, डोंगल आहे पण सीडी सापडत नाही, म्हणून क्लोन बरं वाटतं. आणि एसएसडी साटा प्रकारची का एनव्हीएमई प्रकारची?

गवतीचहा
आजारी डिस्कवरून क्लोन केला तर वाचता न आलेल्या जागा नव्या डिस्कवर रिकाम्या येतात, त्यात विंडोजची एखादी फाईल असेल तर नंतर विचित्र एरर येत राहतात आणि कारण कळत नाही. म्हणून सीडी मिळाली तर नवीन विंडोजच बरं. लायसन्सची काळजी नको, विंडोज १० चं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्क बदलून जात नाही. टॅलीचं लायसन्स मात्र जुनी डिस्क काढायच्या आधी सरेंडर (या मशीनवरून परत) करा. श्रीलिपीसाठी तालुक्याच्या प्रेसवाल्यांना विचारा, जुन्या छापखान्यांकडे या सीड्या हमखास असतात, डोंगल तुमची स्वतःचीच आहे त्यामुळे प्रश्न येऊ नये.

मदरबोर्डवर एम.२ स्लॉट (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची खाच) नसेल तर अडीच इंची साटा घ्या. साटाची कमाल मर्यादा साडेपाचशे एमबीच्या आसपास आहे, एनव्हीएमई कितीतरी पट पुढे जाते, पण टॅली, वर्ड आणि श्रीलिपीला त्यातला फरक जाणवणार नाही. फरक जाणवतो तो तबकडी जाऊन चिप आल्याचा, कारण हेड सरकायचा वेळच उरत नाही. ५०० जीबी पुरेल. आणि एक ४ जीबीची रॅम अजून टाका.

उंबरठा
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला ना? मग ११ च टाकायचं का?

लोलक
सातवी पिढी ११ च्या अधिकृत यादीत नाही, इंटेलची यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. पळवाटांनी टाकता येतं, पण गावाकडे एकट्या वापरणाऱ्या माणसाच्या मशीनवर मी ते करणार नाही, उद्या एखादा मोठा अपडेट बसला नाही तर धावपळ कोणी करायची. विंडोज १० लाच ठेवून वाढीव सिक्युरिटी अपडेटसाठी नोंदणी करा, घरगुती मशीनना ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. पुढचं पुढे ठरवू, आणि तोपर्यंत टॅलीचं मशीन इंटरनेटवर कमीत कमी ठेवा.

नाखवा
रॅम-एसएसडी पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला घ्या, पण बिल आणि वॉरंटीची नोंद घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. स्वस्त म्हणून नाव न ऐकलेली एसएसडी नको.

माणदेशी
अपडेट: प्रेसवाल्या काकांकडे श्रीलिपीची तीच आवृत्ती निघाली, डोंगल लावल्याबरोबर चालली. एसएसडी आणि रॅम बसवली, विंडोज नवीन टाकलं. आता बटण दाबल्यापासून डेस्कटॉपपर्यंत बाबांची खुर्ची सरकवून होत नाही तोवर येतं. रिस्पॉन्स टाइम १-२ मिलिसेकंद, डिस्क बहुतेक वेळ २-३ टक्के. पहिल्या दिवशी एक वेळ ९० दिसलं होतं, बघितलं तर विंडोज अपडेट आणि डिफेंडरचा स्कॅन चालू होता, अर्ध्या तासात उतरलं, म्हणून काही बंद केलं नाही.

लोलक
बरोबर केलंत. सिसमेन, सर्च, डिफेंडर कशालाच हात लावू नका. सिसमेन म्हणजे जुनं सुपरफेच, १८०९ आवृत्तीत नाव बदललं एवढंच. लोक ते सर्रास बंद करतात आणि खरं दुखणं तसंच राहतं.

माणदेशी
जुनी डिस्क बाबा म्हणतात कॅबिनेटमध्येच राहू दे, डी ड्राइव्ह म्हणून बॅकअपला होईल. चालेल का?

गवतीचहा
नाही ताई, ती काढूनच टाका, बॅकअपसाठी तर मुळीच नको. लावून ठेवली तर विंडोज अधूनमधून तिला विचारत राहणार आणि मशीन परत थांबणार. लग्नाचा व्हिडिओ राहिलाय ना, म्हणून अजून फेकू नका, कोरड्या जागी ठेवा. पुण्याला घेऊन या, लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू लावून बघू. ते आधी जे सहज वाचता येतं ते सगळं काढून घेतं आणि मग उरलेल्या जागांवर परत परत येतं, व्हिडिओत मध्ये दोन-चार सेकंद अडखळेल पण बाकीचा मिळायची चांगली आशा आहे.

तंबोरा
आणि वह्यांच्या फाईली आता हळूहळू युनिकोडमध्ये (त्या खास फॉन्टशिवायही वाचता येईल असं) करून घ्या, ताई. बाबांना सांगा घाई नाही, पण एकेक वही बदलून मूळ फाईलही ठेवा, कारण कन्व्हर्टर जोडाक्षरांत आणि रफारात गडबड करतात, ते मूळ समोर ठेवून तपासावंच लागतं. मी मदत करायला तयार आहे, व्यक्तिगत निरोप करा.

माणदेशी
तंबोरा, निरोप केलाय. बाबांनी पहिली वही आजच काढून ठेवली. एक्स्टर्नल नवीन घेतली फक्त त्यांच्या कामासाठी, दर एकादशीला कॉपी करायची असं त्यांनी स्वतःच ठरवलंय आणि दुसरी प्रत मी माझ्याकडे पुण्याला ठेवते. डिस्क घेऊन रविवारी येतेय, गवतीचहा, दुकान कुठे आहे ते निरोपात कळवा.

गवतीचहा
कळवलं. येताना डिस्क स्वेटरमध्ये नको, बबल रॅपमध्ये गुंडाळून आणा, आणि बसमध्ये मांडीवर ठेवा.